नाव घ्यायचे की नाही घ्यायचे?

सरकारी कार्यालयात कॉम्प्युटर विकत घ्यायचा असला की एक गंमत होते. त्याचे नाव घ्यायचे नसते! पूर्वीच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नसत, अगदीच आग्रह झाला तर उखाण्यात घालून घेत. आमचेही तसेच. प्रोसेसर अमुक वेगाचा, रॅम इतकी, हार्ड डिस्क तितकी, पडदा एवढ्या इंचांचा, वॉरंटी तीन वर्षांची आणि तीही जागेवर येऊन दुरुस्त करण्याची.. असा सगळा उखाणा फायलीवर रचायचा. कोणाचे नाव आहे ते टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते, पण उच्चारायचे नाही. आणि चुकून उच्चारलेच तर पुढे 'किंवा समतुल्य' हे दोन शब्द लावून मोकळे व्हायचे.

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही, बरे का. सरकारी खरेदीच्या नियमांचा सारा रोखच असा की वस्तूचे काम काय ते सांगा, कंपनीचे नाव सांगू नका. पैसा लोकांचा. एकाचे नाव घातले की बाकीच्यांची दारे बंद, आणि दारे बंद झाली की आत काय चालते हे सांगायला नको. २०१६ साली केंद्राचे 'जेम' नावाचे ऑनलाईन खरेदीपीठ सुरू झाले, तिथेही आधी गरज मांडायची आणि मग जुळणारी वस्तू शोधायची अशीच अपेक्षा असते. मी कलाशाखेचा पदवीधर, डायोड आणि ट्रान्झिस्टर यांतला फरक मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण वीस-बावीस वर्षे असे उखाणे टाईप करून करून कॉम्प्युटर विकत घेताना काय विचारायचे असते ते मात्र पाठ झाले आहे.

आणि म्हणूनच कार्यालयाबाहेर पडलो की आश्चर्य वाटते. बाहेर सगळेच उलटे! तिथे फक्त नाव विचारतात, बाकी काहीच नाही.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे संतपूर. फोंड्याला आमच्या शेजारी एक बँकेतले गृहस्थ राहतात, ते मूळचे तिथले. त्यांच्या घरच्या लग्नाला गेलो होतो. गोव्याच्या वाचकाला संतपूर कुठे आले असा प्रश्न पडेल. बिदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यातले हे गाव. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्याकडे (म्हणजे पुढे महाराष्ट्राकडे) आले, तर बिदर, भालकी, औराद आणि हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. सोयरीक उदगीरला, कचेरी बिदरला, मोठी खरेदी हैदराबादला आणि विधानसभा बेंगळुरूला! घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी उर्दू, आणि तिन्हीही एकाच वाक्यात. गोव्याच्या माणसाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. आपल्याकडेही कोंकणी, मराठी, इंग्रजी आणि उरलीसुरली पोर्तुगीज एकाच 'पोसऱ्या'त नांदतात.

तर लग्नाच्या आधीचे दोन दिवस मोकळे होते. शेजाऱ्यांच्या पुतण्याचे तिथे छोटेसे दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, मोबाईलचे रिचार्ज, आणि कडेला काचेच्या कपाटात चार-सहा लॅपटॉप. मी तिथे जाऊन बसलो. पुतण्या चहा मागवी आणि "काका, सरका जरा आत," म्हणून गिऱ्हाईक करी. दोन दिवसांत लॅपटॉपची चौकशी करणारे सात-आठ जण येऊन गेले असतील. त्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता.

"भैया, एचपी हाय का?"

एक वडील आणि त्यांची डिप्लोमाला जाणारी मुलगी आली होती. वडिलांच्या अंगावर शेतातली माती नव्हती, मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून आले होते, म्हणजे खरेदी मोठी. पुतण्याने त्यांना दुसऱ्या एका कंपनीचा लॅपटॉप दाखवला. तेवढ्याच पैशात त्याची रॅम दुप्पट. ते म्हणाले, "नको. एचपीच पायजे. माज्या साडूच्या पोरानं घेतलाय, पाच वर्षं झाली, काय बी झालं नाही."

"मामा, हा पण चांगलाच आहे की. बिघडला तर मी आहे ना."

"तू हायस रे. पण उद्या तू दुकान बंद करून पुण्याला गेलास तर? नाव तरी राहतंय."

पुतण्या हसला. मला हसू आले नाही. 'नाव तरी राहतंय' हे वाक्य मी गोव्याला परत येईपर्यंत घोळवत होतो.

शिकलेल्या माणसांची एक सवय असते. कोणी ब्रँडचा हट्ट धरला की लगेच 'जाहिरातबाजीला भुलले' म्हणायचे. मला हे पटत नाही. त्या वडिलांनी कोणती जाहिरात पाहिली होती? त्यांनी साडूचा मुलगा पाहिला होता. खेड्यात कर्ज काढताना जामीन लागतो. जामीनदार पैसे देत नाही, फक्त नाव देतो, आणि त्या नावावर व्यवहार उभा राहतो. ब्रँड हा असा जामीनदार आहे. ज्या वस्तूच्या पोटात काय आहे हे आपल्याला उघडून बघता येत नाही, बघितले तरी कळत नाही, तिच्या वतीने कोणीतरी उभे राहायला हवे असते. बैल घेताना ह्याच माणसाला जामीन लागत नाही. देवणी बैलाचे दात, खूर, वशिंड, चाल, सगळे त्याला वाचता येते. देवणी हे गाव तिथून फार लांब नाही, ती जातच त्या भागातली. लॅपटॉपचे दात कुठे बघायचे ते मात्र त्याला कोणी सांगितलेले नाही. म्हणून तो नाव विचारतो. हा मूर्खपणा नव्हे, माहिती नसताना करता येण्याजोगा तो सर्वांत शहाणा प्रश्न आहे.

आपल्या भाषेतही ही जामीनदार मंडळी किती मुरली आहेत बघा. वनस्पती तुपाला डालडा, छायाप्रतीला झेरॉक्स, लोखंडी कपाटाला गोदरेज. आमच्या लहानपणी दात घासायची कुठलीही पेस्ट म्हणजे कोलगेटच. गोव्यात तर या वेडाला आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत खनिजाचा पैसा आला आणि परदेशी माल उघडपणे बाजारात आला. घड्याळ, रेडिओ, पेन, मोटार.. १९६१ नंतर ते बंद झाले, पण 'फॉरेनची वस्तू' हा शब्द घराघरांत राहिला. पुढे आखातात गेलेल्या मंडळींनी तो जिवंत ठेवला. आमच्या वाड्यावर पहिला लॅपटॉप दुबईहून आला होता आणि तो कोणत्या कंपनीचा यापेक्षा 'दुबयचो' हीच त्याची मोठी ओळख होती. नावच ते, फक्त कंपनीऐवजी गावाचे.

पण एक प्रश्न मला पडतो. जामीनदाराने आपल्याशी बोलायला नको का?

इथे किर्लोस्करांची गोष्ट सांगावीशी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचे दुकान काढले ते बेळगावात, म्हणजे सीमाभागातच. पुढे ते लोखंडी नांगराकडे वळले. शेतकऱ्यांचा समज असा की लोखंडाने जमिनीत विष भिनते. पहिले नांगर विकले जायला म्हणे दोन वर्षे लागली. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि तिथून पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट नांगर नव्हे. ती १९२० साली घडली. त्या वर्षी कारखान्याने 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्रक काढले. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली त्याचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, मग १९३० मध्ये 'स्त्री' आले आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. मराठी घरांत जे विचार शिरले त्यांतले कितीतरी या मासिकांच्या पानांवरून शिरले. कंपनीचे नाव आणि मराठी भाषा एकाच छत्राखाली वाढली. इंजिन किंवा पंप घेताना शेतकरी 'किर्लोस्कर' म्हणाला तर त्या नावाच्या पाठीमागे त्याला समजेल अशा भाषेत बोलणारे कोणीतरी होते.

कॉम्प्युटरचे तसे झाले नाही. त्याचे नाव आले, भाषा आली नाही.

ज्यांनी २००० च्या आसपासचा काळ पाहिला त्यांना आठवत असेल, तेव्हा दुकानात शिरणारा माणूस कंपनीचे नाव विचारत नसे. तो विचारायचा, "पेंटियम आहे का?" पेंटियम म्हणजे कॉम्प्युटर नव्हे, कॉम्प्युटरच्या आत बसणारी नखाएवढी चीप, आणि तीही आपल्याला कधी दिसत नाही. तरी तिचेच नाव! यामागे एक मजेदार कारण आहे. इंटेल कंपनी आधी आपल्या चीपना आकडे देत असे. २८६, ३८६, ४८६. इतर कंपन्यांनीही तेच आकडे वापरायला सुरुवात केली तेव्हा इंटेल कोर्टात गेली, पण आकड्यावर मालकी सांगता येत नाही असे ठरले. तेव्हा १९९३ साली ५८६ म्हणण्याऐवजी त्यांनी पाच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'पेंटियम' हे नाव बेतले. त्याआधीच, १९९१ पासून, 'इंटेल इनसाइड'ची मोहीम सुरू झाली होती. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीने डब्यावर ते चिकटपत्र लावायचे आणि इंटेलने तिच्या जाहिरातीचा काही खर्च उचलायचा. न दिसणाऱ्या वस्तूचे नाव जगभर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडी बसवण्याचा हा प्रयोग असा यशस्वी झाला की फोंड्याच्या वरच्या बाजारात खाजे आणायला गेलेला माणूससुद्धा 'आमच्याकडे पेंटियम थ्री आहे, तुमच्याकडे?' असे विचारू लागला. पुढे खुद्द इंटेलनेच लॅपटॉपसाठी पेंटियम हे नाव २०२३ पासून सोडून द्यायचे ठरवले.

हे नाव सोडून देणे मला महत्त्वाचे वाटते, कारण 'नाव तरी राहतंय' या भरवशाला तिथेच तडा जातो. आठवून बघा. एकेकाळी चित्रपटातल्या नटांना घेऊन जाहिराती करणारी कॉम्पॅक २००२ साली एचपीत विलीन झाली. आयबीएमने आपला कॉम्प्युटरचा धंदा २००५ साली लेनोवोला विकला. आपल्या देशातली मोठी नावे तर डोळ्यांदेखत गेली. एचसीएलने २००५ मध्ये ९,९९० रुपयांचा कॉम्प्युटर काढला तेव्हा केवढी चर्चा झाली होती! विप्रोने २०१३ साली स्वतःच्या नावाचे कॉम्प्युटर बनवणे थांबवल्याचे जाहीर केले, आणि एचसीएलही त्या बाजारातून मागे हटली. आपल्या गोव्यात झेनिथचा कारखाना होता, हे आज किती तरुणांना ठाऊक असेल? झेनिथ हे नाव एके काळी पेपरात पानपानभर असे. आता ते आठवणीत उरले आहे. संतपूरचा पुतण्या दुकान बंद करून पुण्याला जाईल ही भीती खरी, पण कंपन्याही पुण्याला जातात, आणि जाताना कोणाला सांगून जात नाहीत.

याच काळात आणखी एक माणूस बाजारातून नाहीसा झाला. असेंबल करून देणारा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, बेंगळुरूच्या एसपी रोडवरून किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग आणायचे आणि गिऱ्हाइकाला हवा तसा कॉम्प्युटर जुळवून द्यायचा. मदरबोर्ड याचा, रॅम त्याची, कॅबिनेट तिसऱ्याचे. पणजी, म्हापसा, मडगाव, सगळीकडे अशी मुले होती. तेव्हाचा वाद आठवतो का? 'ब्रँडेड घ्यायचा की असेंबल्ड?' लग्नाची बोलणी व्हावीत तशी घराघरांत यावर खलबते चालत. असेंबल करणारा मुलगा घरी यायचा, जमिनीवर मांडी घालून डबा उघडायचा आणि आपल्या पोराला दाखवायचा, "ही बघ रॅम. धूळ बसली की काढून रबराने पुसायची." त्याला आपण नावाने ओळखत होतो आणि तोही आपल्याला. शिंप्याकडचा सदरा आणि तयार सदरा यांत असतो तोच हा फरक. लॅपटॉप आले आणि तो डबा कायमचा बंद झाला. आता कित्येक लॅपटॉपांत रॅम मुळात पक्की चिकटवलेलीच येते. वाढवता येत नाही, काढता येत नाही, पुसायचे तर दूरच.

दोष लॅपटॉपला देऊन उपयोग नाही. तो पाठीवर टाकून मुलगी बिदरच्या कॉलेजात जाऊ शकते, डेस्कटॉप नेता आला नसता. पण डबा बंद झाला तसा गिऱ्हाइकाचा प्रश्नही बंद झाला, एवढेच माझे म्हणणे. उघडणार नसेल तर विचारायचे काय? मग उरले नाव.

मोठ्या शहरांत या उत्साहाचे दुसरे रूप दिसते. १८ एप्रिल २०२३ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ॲपलने भारतातले आपले पहिले दुकान उघडले. कंपनीचे प्रमुख टिम कुक स्वतः दार उघडायला उभे होते. बाहेर रांग होती, आणि एका चाहत्याने तर घरातला जुना मॅकिंटॉश कॉम्प्युटरच काखेत मारून आणला होता. ४ सप्टेंबर २०२५ रोजी पुण्यात कोरेगाव पार्कलाही त्यांचे दुकान झाले. रांगेत उभ्या असलेल्या त्या तरुणांना कोणी हसले तर हसो, मला त्यात जत्रेचा आनंद दिसतो. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला आपण का जातो, वस्तू घ्यायला? पण संतपूरचा उत्साह आणि वांद्र्याचा उत्साह एक नव्हे. वांद्र्याला नाव म्हणजे मिरवणूक आहे, संतपूरला नाव म्हणजे विमा. एकाला काहीतरी मिळवायचे आहे, दुसऱ्याला काहीतरी गमवायचे नाही. सोयाबीनचे आलेले पैसे मुलीच्या लॅपटॉपवर घालणाऱ्या बापाला चाहता म्हणणे हा त्याच्या काळजीचा अपमान आहे.

आता मूळ मुद्दा. त्या दोन दिवसांत मी पुतण्याला विचारले, "ह्यावर मराठी लिहिता येते का असे कोणी विचारते?" तो क्षणभर गप्प राहिला. "लिहिता येतं की काका. पण विचारत नाही कोणीच. ना मराठी, ना कन्नड."

कॉम्प्युटरला आपली भाषा येत नाही असा एक जुना समज आहे, तो खरा नाही. १९९१ सालच्या भारतीय मानकातच इनस्क्रिप्ट नावाची कळपाटाची मांडणी दिलेली आहे. तिची खुबी अशी की भारतीय लिप्यांना ती सामाईक आहे. देवनागरीतला 'क' ज्या कळीवर, कन्नडमधला 'क'ही त्याच कळीवर! संतपूरसारख्या गावाला याहून सोयीचे काय असेल? एकदा बोटे शिकली की मुलगी सकाळी कन्नडमध्ये अर्ज लिहील आणि संध्याकाळी उदगीरच्या आजीला मराठीत पत्र. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटो, बोटांपुरता तो केव्हाच सुटला आहे. आणखी एक उदाहरण देतो. २००० च्या दशकात आपल्यापैकी कितीतरी जणांनी मराठी टाईप करायला सुरुवात केली ती 'बरह' नावाच्या प्रणालीवर. ती कोणी केली? शेषाद्रिवासू चंद्रशेखरन या कन्नड माणसाने, आणि १९९८ साली मुळात कन्नड लिहिता यावे म्हणून. पुढे तिच्यात देवनागरी आली आणि मराठी माणसाने ती आपलीच समजून वापरली.

सोय होती, आहे. पण ती दुकानाच्या काउंटरपर्यंत आली नाही. आमच्या गोव्यातही तेच. २००० च्या दशकात सरकारने 'सायबरएज' योजनेखाली उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांना नाममात्र किमतीत कॉम्प्युटर दिले. घरोघरी यंत्र पोचले, देशात फार थोड्या राज्यांनी तेव्हा असा विचार केला असेल. १९८७ च्या आपल्या राजभाषा कायद्याने देवनागरीतल्या कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. म्हणजे दोन्ही भाषांची लिपी एकच, देवनागरी. तरीही त्या यंत्रांच्या कळपाटावर देवनागरीची एक कळ असावी असा आग्रह आम्ही पालकांनी, शिक्षकांनी, लेखकांनी धरला का? कोंकणी-मराठीच्या वादात आपण जितकी शाई घालवली तिचा एक थेंबही त्या कळांवर पडला नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आनंद झालाच, पेढेही वाटले. पण त्या आनंदाचे कितीतरी निरोप रोमन अक्षरांत आले होते!

एकाही गिऱ्हाइकाने भाषेचे नाव काढले नाही की कंपनीला ती भाषा डब्यावर छापायची गरज भासत नाही. धंदा असाच चालतो, त्यात कट वगैरे काही नसतो. दुकानदार गिऱ्हाइकाच्या प्रश्नावर माल मागवतो, वितरक दुकानदाराच्या मागणीवर, आणि कंपनी वितरकाच्या आकड्यांवर. साखळीच्या टोकाला प्रश्न विचारणारा माणूस आहे. तो फक्त नाव विचारतो, म्हणून वरपर्यंत फक्त नावच पोचते.

मग करावे काय? नाव विचारूच नका असे मी म्हणणार नाही. जरूर विचारा, जामीनदार कोण हे कळायलाच हवे. पण त्यानंतर आणखी चार प्रश्न विचारा. आम्ही कारकून मंडळी उखाण्यात घालतो तेच हे. पहिला, चीप कोणत्या पिढीची आहे? नुसते 'आयफाईव्ह' म्हणून भागत नाही. दहा वर्षांपूर्वीचा आयफाईव्ह आणि आजचा आयथ्री यांत आजचा आयथ्री सहसा सरस ठरतो. दुसरा, आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे की एसएसडी? यंत्र चटकन उघडते की चहा होईपर्यंत थांबवते हे बरेचसे यावरच ठरते. तिसरा, रॅम पुढे वाढवता येईल की चिकटवलेली आहे? चौथा, बिघडले तर दुरुस्ती कुठे होईल आणि माणूस घरी येईल की आपल्याला एसटी पकडावी लागेल? हे चार प्रश्न म्हणजे लॅपटॉपचे दात, खूर, वशिंड आणि चाल.

आणि पाचवा प्रश्न आपल्या भाषेचा. यात मराठी सुरू करून द्याल का? दुकानदाराला त्यासाठी पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत, पैसे लागत नाहीत, सोय विंडोजमध्येच असते. मी हे पुतण्याला सुचवले तेव्हा तो म्हणाला, "काका, ह्याचं एक पान लिहून द्या, काउंटरला लावतो." मी गोव्याला परतल्यावर लिहून पाठवले. एका बाजूला मराठी, दुसरी बाजू त्याने तिथल्या शाळेतल्या मास्तरांकडून कन्नडमध्ये करून घेतली. हे पान वाचून एखाद्या बापाने एचपीच घेतला तर घेऊ दे. चांगले यंत्र असेल तर मला आनंदच आहे. पण तो साडूच्या मुलाच्या भरवशावर नव्हे, स्वतः चार प्रश्न विचारून घेईल.

किर्लोस्करांचा नांगर जेव्हा विकला जात नव्हता तेव्हा शेतकऱ्याला अडाणी म्हणून ते गप्प बसले असते तर आज आपण त्यांचे नाव घेतले नसते. समजावून सांगावे लागते, समोरच्याच्या भाषेत सांगावे लागते, आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते. ते काम आज ना कंपनी करते ना सरकार. मग आपण, ज्यांना चार अक्षरे लिहिता येतात आणि ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे, त्यांनी आपापल्या गल्लीतल्या दुकानासाठी असे एक पान लिहून द्यायला काय हरकत आहे?

बघा, पटते का.